नॅपलाचं स्टूल

कोलकात्यातल्या बालीगंजमधलं मूल चार-पाच वर्षांचं झालं की घरचे त्याच्यासाठी शिकवण्या शोधू लागतात. चित्रकलेची, गाण्याची आणि आवृत्तीची. आवृत्ती म्हणजे कविता पाठ करून ती आवाजाच्या चढउतारांसह, हावभावांसह म्हणणं. बंगालमध्ये ही स्वतंत्र कला मानली जाते. तिचे तिकीट लावून कार्यक्रम होतात, तिचे नावाजलेले कलावंत आहेत आणि गल्लोगल्ली तिच्या वर्गांच्या पाट्या आहेत. त्यामुळे माझ्या वर्गात येणारी मुलं चारचौघांसमोर उभं राहायला अजिबात घाबरत नाहीत. सुकुमार राय यांच्या ‘आबोल ताबोल’मधली कविता पाच वर्षांची पोरगी एकही शब्द न गाळता म्हणून दाखवते, शेवटी हात जोडून नमस्कारही करते. तिलाच विचारावं, ‘काल संध्याकाळी ढाकुरियाच्या तळ्यावर गेली होतीस ना, काय काय झालं तिथे?’ तर उत्तर येतं, ‘गेलो. खेळलो. आलो.’

मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे इथे आले. बदलीची मुदत संपली, आम्ही राहिलो. गडियाहाटच्या चौकाजवळच्या एका गल्लीत, जुन्या दुमजली घराच्या तळमजल्यावर आमची छोटी शाळा भरते. माझ्याकडे अपर केजी आणि पहिली. मुलं बंगाली, मारवाडी, गुजराती, थोडी तमिळ, आणि एखाददुसरं मराठी. शाळा इंग्रजी माध्यमाची. मधल्या सुट्टीत मात्र जी भाषा चालते तिच्यात क्रियापद बंगाली, शिवी हिंदी आणि तक्रार इंग्रजी असते.

अशा मुलांकडे शब्दच कमी असतात, असं शिक्षकांच्या खोलीत नेहमी ऐकू येतं. मला ते पटत नाही. ‘गेलो, खेळलो, आलो’ म्हणणारी तीच पोरगी डबा खाताना मैत्रिणीला तळ्याकाठच्या कुत्र्याची हकिगत घास हातात धरून सांगत असते. फरक ऐकणारीत आहे. बाईंनी विचारलं की मुलाला पक्कं ठाऊक असतं, बाईंना कुत्र्याशी काही कर्तव्य नाही. आपण पूर्ण वाक्यात बोलतो का, एवढंच त्यांना बघायचंय. मैत्रिणीला मात्र तो कुत्रा शेवटी चावला की नाही, हे खरोखरच जाणून घ्यायचं असतं. वर्गात गोष्ट सांगायला शिकवायची म्हणजे ही मैत्रीण रोज वर्गात हजर ठेवायची, असं मी कामाचं सूत्र धरलं.

ही मैत्रीण मला बालीगंजच्याच एका पुस्तकात भेटली. सत्यजित राय यांनी तारिणीखुडो नावाच्या एका वृद्ध, अविवाहित गृहस्थाच्या गोष्टी लिहिल्या आहेत. हे खुडो, म्हणजे चुलते, उत्तर कोलकात्यातल्या बेनेटोल्याहून बालीगंजला येतात, बिनदुधाचा आणि बिनसाखरेचा चहा मागवतात आणि जमलेल्या पोरांना आपल्या आयुष्यातल्या अजब हकिगती ऐकवतात. त्या पोरांत एक नॅपला आहे. खुडो रंगात आले की हा मध्येच शंका काढतो, खोचक बोलतो. खुडो त्याला झापतात, पण त्याच्या शंकेला उत्तर दिल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नाही. मोठी माणसं या गोष्टी वाचताना खुडोंवर खूश होतात. शिक्षिका म्हणून माझं मन नॅपलावर जडलं.

वर्गात एक बुटकं लाकडी स्टूल होतं. त्याला मी नॅपलाचं स्टूल ठरवलं. गोष्ट सांगणारा उभा राहतो, बाकीची मुलं सतरंजीवर बसतात आणि त्या दिवशीचा नॅपला स्टुलावर. त्यालाच मध्ये तोंड घालण्याचा हक्क. अट अशी की ज्याचं उत्तर सांगणाऱ्याला देता येईल तेच विचारायचं; ‘हे खोटं आहे’ असं म्हणायचं नाही. पहिले काही दिवस नॅपला नुसती खोडी काढायचे. ‘वाघाच्या बाबांचं नाव काय?’ असले प्रश्न. पण स्टुलावरून उतरल्यावर आपली पाळी सांगायची येते हे लक्षात आल्यावर खोड्या आपोआप कमी झाल्या.

लहान मुलांच्या गोष्टींतला सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे ‘तो’. ‘तो आला, त्याने त्याला मारलं, मग तो पळाला.’ सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चोर, पोलीस, कुत्रा सगळे स्पष्ट उभे असतात. ते समोरच्याला दिसत नाहीत ही कल्पनाच पाच वर्षांच्या डोक्यात नसते. मी ‘कोण तो? नीट सांग’ म्हटलं की मूल ओशाळतं आणि गोष्ट आवरती घेतं. नॅपलाने ‘कोण पळाला?’ विचारलं की ते चकित होऊन बघतं, ‘अरे, चोर!’ म्हणतं, आणि पुढच्या वाक्यात ‘चोर’ हा शब्द स्वतःहून येतो. एकच उणीव, पण दाखवणारा बरोबरीचा असला की ती टोचत नाही.

प्रश्नांबद्दल एक निरीक्षण सांगते, शिक्षकांना उपयोगी पडेल. चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘का?’ विचारलं की गोष्ट थांबते. राजा का रागावला? मूल विचारात पडतं, छताकडे बघतं आणि ‘असाच’ म्हणून मोकळं होतं. ‘कुठे?’ विचारलं तर गोष्ट चालू लागते. राजा कुठे बसला होता? गच्चीत. गच्चीत काय होतं? लोणच्याची बरणी. ती कोणी उघडली? झालं, राग कशाचा ते आपोआप बाहेर आलं. सहा-सात वर्षांच्या मुलांना ‘का?’ पेलतं, त्यांच्या गोष्टींत ‘त्याला वाटलं की’ हे शब्द येऊ लागलेले असतात. त्याआधी कारण उकरायला जाऊ नये.

शिकागोच्या व्हिव्हियन पेली या बालवाडीच्या शिक्षिका मुलाने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत उतरवून घेत आणि मग वर्गाकडून ती करून दाखवून घेत. त्यांचं ‘वॉलीज स्टोरीज’ हे पुस्तक १९८१ सालचं. त्यांची पद्धत आज जगभर वापरली जाते, मीही वापरते. जमिनीवर खडूने चौकोन आखला की रंगमंच झाला. इथे अडचण एकच येते, बंगाली मुलं गोष्ट सांगताना ‘तारपर, तारपर’ची माळ संपूच देत नाहीत. आपल्या ‘मग, मग’सारखंच. ते मी कधी खोडत नाही. करून दाखवायची वेळ आली की मुलं स्वतःच म्हणतात, हा भाग नको, इथे सगळे नुसते चालतातच आहेत.

हे सगळं सुरळीत चालू असताना वर्गात एक मराठी मुलगी आली. वडील नोकरीनिमित्त आलेले, घरी आजी. तिला बंगाली येत नव्हतं, इंग्रजी बेताचं. तिची पाळी आली तेव्हा ती मोडक्या हिंदीत म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगू लागली. म्हातारी लेकीकडे निघाली, वाटेत कोल्हा भेटला, वाघ भेटला. इथवर येईपर्यंत सतरंजीवर खळबळ. नॅपला स्टुलावरून उठून उभा राहिला आणि ओरडला, ‘ही तर आमची कुँजो बुडी!’

त्याचं बरोबर होतं. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या १९१० सालच्या ‘टुनटुनिर बोई’मध्ये ही कुबडी म्हातारी आहे. तीही लेकीकडे जाते, धष्टपुष्ट होऊन येते म्हणून जनावरांना वायदे करते आणि परतताना भोपळ्यात बसून गडगडत येते. हे उपेंद्रकिशोर म्हणजे सुकुमार रायांचे वडील आणि सत्यजित रायांचे आजोबा. ‘संदेश’ हे मुलांचं मासिक त्यांनी १९१३ मध्ये काढलं. ‘टुनटुनिर बोई’च्या सुरुवातीला त्यांनी नोंदवलं आहे की संध्याकाळी न जेवताच पेंगणाऱ्या मुलांना जागं ठेवण्यासाठी पूर्व बंगालच्या काही भागांतल्या बायका या गोष्टी सांगत. मला ही नोंद फार मोलाची वाटते. आपण समजतो गोष्ट झोपवण्यासाठी असते. इथे ती भात पोटात जाईपर्यंत पोराचे डोळे उघडे ठेवण्यासाठी होती. तीच ती ओळ पुन्हा पुन्हा येणं, एकामागून एक जनावर भेटणं, आता खातो की मग खातो ही टांगती तलवार, हे सगळं पेंगणाऱ्या श्रोत्याने सांगणारीकडून करवून घेतलं आहे.

त्या दिवशी वर्गात भांडण जुंपलं. बंगाली मुलांच्या म्हातारीला वाटेत अस्वलही भेटतं. मराठी मुलीच्या म्हातारीला भेटलं नव्हतं. ‘विसरलीस तू!’ ‘नाही, आमच्याकडे नसतंच!’ बंगाली म्हातारीच्या घरी दोन कुत्रे असतात आणि शेवटी तेच कोल्ह्याचा समाचार घेतात. मराठी मुलीची आजी म्हातारीला स्वतःच्या अकलेवर सोडवायची. एका गुजराती मुलाच्या घरी तर म्हातारीच्या जागी भलतंच कोणीतरी होतं. मी कोणाचाही निकाल दिला नाही. मुलांना सांगितलं, घरी विचारून या आणि उद्या आपापली सांगा.

दुसऱ्या दिवसापासून जे झालं ते कुठल्याही पाठटाचणात बसवता आलं नसतं. सगळ्यांना गोष्ट माहीत, तरीही सगळे कान टवकारून, कारण कोणाची कुठे वळण घेते ते माहीत नाही. जी मुलं एरवी तीन वाक्यांत उरकायची ती एकेका मुक्कामावर थांबू लागली, आपलं वेगळेपण ठसवू लागली. मग भोपळा बालीगंजमध्ये शिरला. एकाचा ट्रामच्या रुळांत अडकला आणि मागे ट्रामची रांग लागली. एकीचा गडियाहाटच्या मासळीबाजारात गेला तेव्हा कोळिणीने त्याला कापायला बोटी, म्हणजे त्यांची विळी, उचलली; आतून म्हातारी ओरडली, मी इलिश मासा नाही! ही मुलगी वर्षभर वर्गात हळू आवाजात बोलत आली होती. मराठी मुलीने पुढे केव्हातरी अस्वल आपल्या गोष्टीत घेतलं. आजीला ते आवडलं नाही, असं तिने मला खासगीत सांगितलं.

आता आमच्या मासींबद्दल. कोलकात्याच्या शाळांमध्ये मुलांचं खाणंपिणं, शू-शी, बुटाच्या नाड्या बघणाऱ्या बाईंना मासी म्हणतात. आमच्या मासी कॅनिंगच्या पलीकडच्या गावातल्या. पहाटेच्या लोकलने बालीगंज स्टेशनवर उतरतात. सियालदाच्या दक्षिण शाखेवरच्या या गाड्यांनी रोज हजारो बायका येतात आणि बालीगंजची घरं चालवतात. इथली अर्धी मुलं त्यांच्याच हातची जेवलेली. आमच्या मासी सुंदरबनच्या काठच्या. मध काढायला, खेकडे धरायला त्यांची माणसं जंगलात जातात. त्यांच्याकडे बनबीबी या वनदेवतेची गोष्ट असते. हिंदू असो की मुसलमान, जंगलात शिरताना दोघंही तिचं नाव घेतात.

मी मासींना वर्गात बसून ती सांगायची विनंती केली. ‘दिदी, मी काय सांगणार, मला कुठे इंग्रजी येतं,’ म्हणाल्या. त्यांना खुर्चीवर बसवलं तेव्हा गोष्ट येईना. त्या खाली बसल्या, एका मुलाचा पाय मांडीवर घेऊन नाडी बांधू लागल्या आणि सुरू झाल्या. दुखे नावाचा गरीब विधवेचा मुलगा. धोना नावाचा मधाचा व्यापारी त्याला नावेतून नेतो. जंगलाचा स्वामी दक्षिणराय वाघाच्या रूपात वावरतो. तो धोनाला नावा भरून मध आणि मेण देतो आणि बदल्यात दुखे मागतो. आईने निघताना सांगितलेलं असतं, संकटात पडलास तर बनबीबीला हाक मार.

आमच्या घरांतली पुस्तकी गोष्ट आणि मासींची गोष्ट यांत फरक होता तो चिखलाचा. मासींच्या गोष्टीत भरती-ओहोटीची वेळ होती. चिखलात पाय गुडघ्यापर्यंत रुतत होता, झाडांची टोकदार मुळं खालून वर आलेली होती, पळायला जागा नव्हती. मुलं श्वास रोखून. नॅपला त्या दिवशी एक मारवाडी मुलगा होता. त्याने विचारलं, ‘धोनाने परत जाऊन दुखेच्या आईला काय सांगितलं?’ मासींचा हात नाडीवर थांबला. म्हणाल्या, ‘सांगितलं, वाघाने खाल्लं. असंच सांगतात.’ त्यांनी पुढे सगळं सांगितलं, दुखे मगरीच्या पाठीवर बसून घरी कसा आला तेही. पण ‘असंच सांगतात’ हे दोन शब्द गोष्टीतले नव्हते, गावातले होते, हे मोठ्यांपैकी मी एकटीनेच तिथे ऐकलं.

त्यानंतर कित्येक दिवस मुलांच्या वाघांना पाण्याची वेळ पाळावी लागत होती. आधी वाघ नुसता ‘जंगलात’ असायचा. वर्णन करा, विशेषणं वापरा, असं सांगून हे होत नाही. जागा ओळखीची असलेल्या माणसाच्या तोंडून गोष्ट ऐकावी लागते. काही पालकांना कामवाल्या बाईने वर्गात बसून शिकवणं रुचलं नाही. एकदोघांनी बोलूनही दाखवलं. मुलं मात्र मासींना त्यानंतर ‘पुढची कधी?’ असं विचारत राहिली.

बोलायलाच न धजणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यासाठी मी पट वापरते. पश्चिम मेदिनीपूरमधल्या पिंगल्याजवळच्या नया गावचे पटुआ कागदाची लांब गुंडाळी रंगवतात आणि एकेक चौकट उलगडत, बोट ठेवत गाणं म्हणतात. कोलकात्याच्या हस्तकलेच्या जत्रांमध्ये ते येतात. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. दोन्हींत चित्र दाखवत गोष्ट सांगायची, पण कागद निराळा. पटाची सलग गुंडाळी, तर चित्रकथीची सुटी पानं, त्यांची पोथी.

हा फरक वर्गात फार कामाचा निघाला. जे मूल क्रम विसरतं, लोकांच्या डोळ्यांत बघायला घाबरतं, त्याला गुंडाळी द्यायची. क्रम कागद सांभाळतो, हात उलगडण्यात गुंतलेले असतात, सगळ्यांची नजर चित्रावर असते, आणि मूल चित्राकडे बघत बोलायला लागतं. आमच्याकडच्या एका मुलाने वर्गातलं पहिलं पूर्ण वाक्य आपल्या पटाच्या तिसऱ्या चौकटीवर उच्चारलं. ते वाक्य ‘इथे रंग सांडलाय’ असं होतं, तरी चालतं. ज्यांना उत्तम सांगता येतं त्यांना सुटी पानं द्यायची आणि सांगायचं, शेवटचं पान पहिलं लाव. सुरुवातीलाच म्हातारी घरी पोचलेली, तर मग गोष्ट कशात आहे? सात वर्षांची मुलं यावर खूप वेळ डोकं चालवतात.

पालकसभेत हमखास येणारा प्रश्न, ‘मिस, गोष्टीचं तात्पर्य सांगत नाही का?’ सांगत नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी शंभर वर्षांपूर्वी भावनगरच्या बालमंदिरात गोष्टीला मानाचं स्थान दिलं ते गोष्टीच्या आनंदासाठी. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षकही गोष्टी सांगूनच वर्ग आपलासा करतो. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही घरची भाषा, गप्पा आणि गोष्टी यांवर भर आहे. तात्पर्य विचारलं की मुलाला कळतं, गोष्ट ही परीक्षाच होती. मग पुढच्या वेळी ते गोष्ट ऐकत नाही, उत्तर शोधत बसतं. दुखेच्या गोष्टीचं तात्पर्य मी कोणाला विचारलं असतं तर एखाद्याने ‘मध खाऊ नये’ असंही सांगितलं असतं.

पण तात्पर्याहून मोठं नुकसान कथाकथन स्पर्धांनी केलं आहे, कोलकात्यात आणि महाराष्ट्रातही. गोष्ट आई लिहिते, शिकवणीतल्या बाई हातवारे बसवतात, शेपटी आणि मुखवटा दुकानातून येतो, आणि मूल वाघासारखं दिसत, आईसारखं बोलत, परीक्षकांकडे बघत गोष्ट म्हणतं. परीक्षकांना ती गोष्ट माहीत असते. बाकीचे स्पर्धक ऐकत नाहीत, त्यांना आपली पाळी आठवत असते. इतक्या मोठ्या सभागृहात पुढे काय झालं हे जाणून घ्यायचंय असा माणूस नसतो. ही आवृत्तीच आहे, फक्त गद्यात. आवृत्तीशी माझं भांडण नाही, ती चांगली कला आहे, पण तिने गोष्टीची जागा घेऊ नये.

माझी शाळांना, आणि विशेषतः महाराष्ट्रातल्या मुख्याध्यापकांना विनंती आहे: निदान दुसरीपर्यंत या स्पर्धा बंद करा. त्या दिवशी एका वर्गातली मुलं दुसऱ्या वर्गात पाठवा, दोघा-दोघांना समोरासमोर बसवा आणि ज्याने ती गोष्ट कधी ऐकलेली नाही त्याला ती सांगू द्या. शाळेतल्या मावशींना आणि शिपाईमामांनाही बोलवा. बक्षीस कोणालाच देऊ नका.